गदा पैलवानाला, लेखणीला काय?

नीरा नदीच्या काठावर, इंदापूर तालुक्यात निरवांगी आहे. या पट्ट्यात ऊस जितका पिकतो, तितकीच कुस्ती. यात्रा आली की फड पडतो, दुपारपासून हलगी कडाडते. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या उरकतात, मग इनामाच्या जोड्या लागतात आणि दिवस मावळताना नंबर एकची कुस्ती लागते. दोन दिवसांनी तालुक्याच्या पानावर बातमी येते. पहिल्या परिच्छेदात यात्रा कमिटी, दुसऱ्यात उपस्थित मान्यवर, तिसऱ्यात आभार. मधल्या एका ओळीत 'प्रेक्षणीय लढतीत अमक्याने तमक्याला चितपट केले'. कोणत्या डावावर केले? घिस्सा होता, ढाक होती, कलाजंग की एकेरी पट? ते काही छापून येत नाही.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. 2 जुलै 1924 रोजी पॅरिसमध्ये क्रीडा पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे लघुनाम 'एआयपीएस'. आज तिचा कारभार स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातून चालतो आणि 2 जुलै हा जगभर क्रीडा पत्रकार दिन म्हणून पाळतात. 2018 पासून ही संघटना दरवर्षी पुरस्कार देते. लेखन, छायाचित्र, ध्वनी, चित्रफीत असे विभाग, तरुण पत्रकारांसाठी वेगळी सोय आणि पहिल्याच वर्षी शंभराहून अधिक देशांतून हजारावर प्रवेशिका. पहिला सोहळा जानेवारी 2019 मध्ये लोझानलाच झाला. अमेरिकेत पुलित्झर पुरस्काराने खेळाच्या स्तंभलेखकांना फार पूर्वीच मान दिला. 1956 मध्ये आर्थर डेली, 1976 मध्ये रेड स्मिथ, 1990 मध्ये जिम मरे. आपल्याकडे रामनाथ गोएंका पुरस्कारांत खेळासाठी स्वतंत्र विभाग आहे. भारतीय क्रीडा पत्रकारांचा महासंघ 1976 चा, पण त्याचे मानाचे पदक खेळाडूच्या गळ्यात पडते. यजमानानेच मागच्या पंगतीत बसावे, तसा हा प्रकार.

पुरस्काराचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर डेव्हिड वॉल्श यांचे उदाहरण द्यावे. लान्स आर्मस्ट्राँग सायकल शर्यती जिंकत होता आणि 'संडे टाइम्स'चा हा वार्ताहर 1999 पासून त्याच्या उत्तेजकांचा माग काढत होता. अब्रुनुकसानीच्या दाव्यात वृत्तपत्राला पैसे मोजावे लागले, सहकारी पत्रकारांनीही वॉल्श यांना टाळले. 2012 मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे गेली, तेव्हा कुठे वॉल्श यांच्या पदरात वर्षातल्या सर्वोत्तम पत्रकाराचा मान पडला. बारा-तेरा वर्षे त्या माणसाला धरून ठेवले ते पुरस्काराने नव्हे, हेही खरे. पण त्याच्या मागून येणाऱ्या तरुणाला 'असे केले तरी चालते' एवढे तरी त्यातून कळते.

मराठीत हे काम एका माणसाने जवळपास एकट्याने उभे केले. वि. वि. करमरकर मूळचे नाशिकचे. 'महाराष्ट्र टाइम्स' 1962 मध्ये निघाला आणि पुढे करमरकरांनी त्यात खेळाला हक्काचे पान मिळवून दिले. त्याआधी मराठी दैनिकात खेळ म्हणजे उरलेल्या जागेत बसवायचा मजकूर. करमरकरांनी क्रिकेटला त्याची जागा दिलीच, पण कबड्डी, खो-खो, कुस्ती, मल्लखांब यांनाही त्याच पानावर बरोबरीने बसवले आणि संघटनांच्या कारभारावर आसूडही ओढले. तिकडे पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकवले आणि मैदान कधीही न पाहिलेल्या घरांतही सामना पोहोचला. 6 मार्च 2023 रोजी करमरकर गेले. आज कोणत्याही मराठी दैनिकाचे क्रीडा पान उघडा. पाया त्यांचाच आहे, मात्र क्रिकेट पुन्हा अख्खे पान अडवून बसले आहे.

लेखणी वेळेवर पोहोचली नाही की काय होते, ते खाशाबा जाधवांना विचारायला हवे होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. गावाने वाजतगाजत मिरवणूक काढली, पण देशात गाजले ते हॉकीचे सुवर्ण. 1984 मध्ये अपघातात खाशाबा गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पुण्याचे क्रीडा पत्रकार संजय दुधाणे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. आता खाशाबांची जयंती, म्हणजे 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी होते.

लेखणीला कुस्ती कळण्याची गरज किती, हे फेब्रुवारी 2025 मध्ये दिसले. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेची चित्रफीत घराघरांत पोहोचली. पण दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले होते का, पंच कोणत्या कोनातून पाहत होता, निर्णयाविरुद्ध दाद मागायची रीत काय, हे समजावून सांगणारा मजकूर शोधावा लागत होता. खरे तर वर्षाचा पुरस्कार अशाच मजकुराला मिळायला हवा.

बारामती-इंदापूरला खेळाच्या सत्तेचे अप्रूप नाही. काटेवाडीचे शरद पवार 2005 ते 2008 भारतीय क्रिकेट मंडळाचे आणि 2010 ते 2012 आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते. राज्य कुस्तीगीर परिषदही त्यांनी कित्येक वर्षे सांभाळली. डिसेंबर 2024 मध्ये राज्याचे क्रीडा खाते इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे आले. काही महिन्यांनी ते कृषी खात्यावर गेले. सत्ता आली, गेली, मैदाने झाली. मात्र फडाच्या कडेला उभे राहून टिपण घेणारा वार्ताहर होता तिथेच आहे. बहुधा तो पूर्णवेळ नोकरीत नसतो. शेती नाहीतर दुकान सांभाळून बातमी देतो, जाहिराती गोळा करतो. मान्यवरांपैकी एकाचे नाव गळले तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. डाव गळला तर कुणीच विचारत नाही. मग त्याने काय लिहावे?

पुरस्कारांची वाट त्याच्यापर्यंत जातच नाही असे नाही. 1832 मध्ये 6 जानेवारीला 'दर्पण' हे मराठी वृत्तपत्र निघाले, म्हणून तो दिवस पत्रकार दिन. त्या दिवशी तालुक्यातालुक्यांत पत्रकार संघ शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह देतात. तिथून नऊ दिवसांवर 15 जानेवारी. बारामती आणि इंदापूरच्या पत्रकार संघांनी या नऊ दिवसांत एक काम करावे. तालुक्यातल्या मातीच्या खेळावर वर्षभरात छापून आलेल्या मजकुराला एक पुरस्कार ठेवावा. प्रवेशिका म्हणून साधे कात्रण चालेल. परीक्षकांत एक संपादक असू द्या, पण एक वस्तादही हवा.