काम चालू आहे... की टाइमपास?

ऑफिसचं काम आणि आपला टाइमपास एकाच स्क्रीनवर आले आणि बघणाऱ्याला दोन्हीतला फरक कळेनासा झाला. बॉसला कळत नाही, आईला कळत नाही. आणि खरं सांगा, तुम्हाला तरी कळतो का?

दुपारचे तीन. कॅण्टीनमधला पुलाव हळूहळू डोळ्यांवर चढतोय. हिंजवडी असो की ऐरोली, चित्र सेम टु सेम. फ्लोअरवर दीडशे माणसं, दीडशे स्क्रीन्स आणि सगळ्यांच्या माना एकाच अँगलमध्ये पुढे. कुणी क्लायंटला मेल लिहितंय, कुणी अलिबागचे होमस्टे धुंडाळतंय, कुणी कोपऱ्यातल्या इवल्याशा विंडोत स्कोअर बघतंय. मागून चक्कर मारा. सगळे कसे अगदी कामात बुडालेले!

आता त्याच बिल्डिंगच्या रिक्रिएशन रूममध्ये डोकवा. टीटीचं टेबल आहे, कॅरम आहे. जॉइनिंगच्या दिवशी एचआरने किती कौतुकाने दाखवला होता तो! पण संध्याकाळी सहाच्या आधी तिथे चिटपाखरू नसतं. कारण सिम्पल आहे. कॅरम खेळणारा माणूस कॅरम खेळताना दिसतो ना राव! दहा मिनिटांचा एक बोर्ड टाकला तर अख्ख्या फ्लोअरला बातमी. आणि जागेवर बसून तासभर शूज शोधले तरी कुणाला पत्ता नाही.

कम्प्युटरने आपल्या आयुष्यात घातलेला सगळ्यात मोठा घोळ तो हाच, असं माझं मत आहे. आधीच्या पिढीचं बरं होतं. लेजर उघडलेला क्लार्क काम करत होता, पेपर उघडलेला टाइमपास करत होता. टायपिस्ट थांबली की टाइपरायटरचा खडखडाट थांबायचा आणि साहेब केबिनमधून मान वर करायचे. १९८०च्या दशकात बँकांमध्ये कम्प्युटर येऊ घातले तेव्हा युनियन्सनी केवढा विरोध केला होता! त्यांना भीती होती ती नोकऱ्या जाण्याची. रविवार आणि सोमवार एकाच खुर्चीत येऊन बसतील, ही भीती मात्र कुठल्या मोर्च्यात नव्हती.

इंटर्नचा पत्त्यांचा डाव

या लपाछपीची सुरुवात कुठून झाली माहितीये? आपल्या लाडक्या सॉलिटेअरपासून. १९९०मध्ये विंडोज ३.० बरोबर हा गेम घरोघरच्या आणि ऑफिसांमधल्या कम्प्युटर्सवर आला. तो लिहिला होता वेस चेरी नावाच्या, मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न म्हणून आलेल्या पोराने. पत्त्यांची डिझाइन्स केली सुझन केअरने, म्हणजे जिने ॲपलच्या मॅकिंटॉशचे आयकॉन्स काढले तीच. तेव्हा बहुतेकांना माउस हातात कसा धरायचा इथपासून तयारी होती. पत्ता पकडा, ओढा, सोडा... डाव मांडता मांडता ‘ड्रॅग अँड ड्रॉप’ची शिकवणी पूर्ण! आपल्याकडे पुढे गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे क्लासेस निघाले, तेव्हा घरातल्या किती काका-मावश्यांचा माउसवर हात बसला तो याच पत्त्यांनी. म्हणजे खेळ आला तोच काम शिकवायला.

खरी गंमत पुढे आहे. चेरीने या गेममध्ये एक ‘बॉस की’ टाकली होती. बटण दाबलं की पत्ते गुल आणि स्क्रीनवर एक खोटी एक्सेल शीट हजर! मायक्रोसॉफ्टने ती काढायला लावली म्हणून, नाहीतर जगभरच्या कर्मचाऱ्यांनी त्या पोराचा पुतळा उभारला असता. पण मुद्दा लक्षात घ्या. ज्याने गेम बनवला त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की, हा घरी कमी आणि ऑफिसात जास्त खेळला जाणार.

झालंही तसंच. २००६मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग ऑल्बनी इथल्या आपल्या सरकारी ऑफिसात गेले होते. तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर त्यांना सॉलिटेअर दिसला आणि त्याची नोकरी गेली. आपल्याकडे पत्त्यांची जागा क्रिकेटने घेतली, एवढाच काय तो फरक. १९९३मध्ये सुरू झालेल्या क्रिकइन्फोवर बॉल-बाय-बॉल कॉमेंट्री यायची ती नुसत्या अक्षरांत. ना आवाज, ना चित्र. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गडी रिपोर्ट वाचतोय. इंडियन ऑफिससाठी यापेक्षा परफेक्ट शोध दुसरा नाही!

हिरवा ठिपका जिंदाबाद

मग आला मार्च २०२०. लॉकडाऊन लागला आणि ऑफिस उठून थेट डायनिंग टेबलवर आलं. आता मागून चक्कर मारायला बॉस नव्हता. त्याच्या जागी एक हिरवा ठिपका आला. चॅटच्या ॲपमध्ये नावाशेजारी चिकटलेला. काही मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा आणि तुम्ही ‘अवे’! चहा ठेवायला उठलो, बेल वाजली, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, सगळ्याची नोंद. मग लोकांनी फोनवरही तेच ॲप टाकलं आणि फोन घेऊन बाथरूममध्ये जायला लागले. हसू नका, तुम्हीही केलंय!

यातली खरी थट्टा अशी की, एखादी अवघड एरर सोडवायला छताकडे बघत दहा मिनिटं विचार करणारी मुलगी त्या ठिपक्याच्या लेखी गायब आहे. आणि दहा मिनिटं ऑनलाइन सेलमध्ये कुर्ते स्क्रोल करणारी मात्र एकदम प्रेझेंट. मग माउस आपोआप हलवत ठेवणारे ‘माउस जिगलर’ बाजारात खपले नाहीत तरच नवल. २०२४मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं ते याच कारणासाठी. कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केला म्हणून. चेरीची ‘बॉस की’ बघा कुठे पोचली! तेव्हा खेळ लपवायचा होता, आता नुसतं उठून बसणंही लपवावं लागतं.

घरच्यांचा गोंधळ वेगळाच. ‘दिवसभर त्या डबड्यापुढे बसलेला असतो’, ही आईची कायमची तक्रार. तिच्या दृष्टीने क्लायंट कॉल काय आणि सीरिज काय, दोन्हीकडे पोरगा कानात बोळे घालून बसलेला. तिला तरी का दोष द्यायचा?

कारण आपली मौजही आता कामासारखीच दिसायला लागलीये. चार मित्रांची कोकण ट्रिप ठरते ती शेअर्ड शीटवर. कुणाची गाडी, कुणाचे किती पैसे, कुठे कोण व्हेज. तत्काळचं तिकीट काढायचं तर एसीचं बुकिंग सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, म्हणजे ऐन मीटिंगच्या टायमाला. त्या वेळी ज्यांचा कॅमेरा अचानक बंद होतो त्यांचं नेटवर्क खराब नसतं, एवढं तुम्हालाही माहीत आहे. आणि रात्री सीरिज बघायची ती दीडपट स्पीडने, कारण ‘संपवायची’ आहे. मी फ्रीलान्सर. मला बॉस नाही, ठिपका नाही. तरी रात्री अकराला सिनेमा बघताना शेजारच्या टॅबमध्ये अर्धवट लेख उघडा असतो आणि दर वीस मिनिटांनी मी त्यात एखादा शब्द बदलून येते. याला काम म्हणायचं की सिनेमा, मला आजवर कळलेलं नाही. डोळ्यांना तर त्याचं काहीच देणंघेणं नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, मग समोर एक्सेल असो की शाहरुख. डॉक्टर सांगतात तो २०-२०-२० नियमही असला भेदभाव करत नाही. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरचं काहीतरी, वीस सेकंद बघा.

कायदा काय म्हणतो?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून ‘राइट टु डिस्कनेक्ट’ लागू झाला. मोठ्या कंपन्यांना ऑफिस टाइमनंतरच्या मेल्सबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये याच नावाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, २०२५मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं नशीब तुम्हाला माहीत असेलच. १९७०नंतर त्यांतल्या एकाचाही कायदा झालेला नाही.

तरीही असा कायदा हवाच. पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये भर दुपार. तिकडच्या क्लायंटच्या ‘क्विक कॉल’साठी इथे ताटावरून उठणाऱ्यांचा हिशेब कुणीतरी ठेवायला पाहिजे. पण कायदा फार तर बॉसचा फोन थांबवेल. शेजारचा टॅब बंद करायला खासदार येणार नाहीत.

लोक आपापले जुगाड करतायत. कुणी ऑफिसचं आणि घरचं ब्राउझर प्रोफाइल वेगळं ठेवतं. कुणी शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉपची बॅग थेट माळ्यावर टाकतं, खाली काढायचाच आळस येईल म्हणून. ही आयडिया मला सॉल्लिड आवडलीये. फक्त माझ्या भाड्याच्या वन-बीएचकेला माळा नाही!

आणि हो, सॉलिटेअर अजून आहे बरं का. आता त्यात मध्ये मध्ये जाहिराती येतात, त्या नको असतील तर पैसे भरायचे. लेव्हल्स आहेत, बॅजेस आहेत. आणि रोज सकाळी नवं ‘डेली चॅलेंज’ असतं, ठरलेलं टार्गेट पूर्ण करायचं. महिनाअखेरीस किती झाली तेही मोजून दाखवतात.