सोपाऱ्याचे बंदर आणि भाव ठरविणारे

दरवर्षी वैशाख पौर्णिमेला विरारच्या गाडीने नालासोपाऱ्याला उतरून पांढऱ्या वस्त्रातील हजारो बांधव सोपारा गावातील स्तूपाकडे निघतात. मेणबत्ती लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात, मुलांना मातीचा तो उंचवटा दाखवितात आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतात. आम्हीही त्यांच्यातलेच. परंतु तथागतांचा धम्म या ठिकाणी नेमका का आला, जंगलात किंवा डोंगरात न जाता या खाडीकाठीच का थांबला, हा प्रश्न आम्ही स्वतःला फारसा विचारलेला नाही. उत्तर साधे आहे. इथे बंदर होते. बंदर होते म्हणून माल होता, माल होता म्हणून माणसे होती, आणि माणसे होती म्हणून त्यांच्यात धनी आणि दास होते.

हा विषय पोथीपंडितांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना बाबासाहेबांनी १९१५ साली एम.ए.साठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते राज्यअर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जयंतीला आम्ही त्यांना घटनाकार म्हणून मिरवितो; अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब मात्र ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडले आहेत. दोष आमचाच.

त्या ग्रंथातील एक मुद्दा प्रत्येक कामगाराने पाठ करावा असा आहे. रुपया घसरला की परदेशी माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याची चंगळ होते आणि देशाचा फायदा झाला अशी आवई उठते. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा आला कोठून? वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे निर्यातदाराच्या खिशात गेलेला पैसा बाहेरून आलेला नसून इथल्याच मजुराच्या ताटातून काढलेला असतो. देश म्हणून जी बेरीज दाखविली जाते तिच्या पोटात एका वर्गाची वजाबाकी लपलेली असते. हा चष्मा डोळ्यावर लावून आता सोपाऱ्याकडे पाहू या.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या ग्रंथात, 'पेरिप्लस'मध्ये, सोपाऱ्याचे नाव आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही आहे. नैऋत्येच्या वाऱ्यावर जहाजे तांबड्या समुद्राकडून इकडे येत आणि ईशान्येचे वारे सुटले की परत जात. घाटावरचा माल नाणेघाटासारख्या खिंडींतून कोकणात उतरे. रोमचा प्लिनी तर कुरकुर करतो की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो! म्हणजे त्या काळी सोन्याचा ओघ पश्चिमेकडून आमच्या किनाऱ्याकडे होता. पण नाणेघाट उतरताना ज्याच्या डोक्यावर गाठोडे होते त्याला त्या पाच कोटींतील काय मिळाले, हे प्लिनीनेही लिहिले नाही आणि आमच्या राजांच्या शिलालेखांनीही.

एका राजाचा अपवाद करावा लागेल. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यात सापडला, नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. (धम्मदीक्षेचेच ते वर्ष, योगायोगच, पण आम्हाला तो आवडतो.) नवव्या लेखात सम्राट सांगतो की लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल कोणते? तर दास आणि मोलकरी यांच्याशी नीट वागणे, हे त्याने पहिल्या ओळीत घातले. असा लेख त्याने बंदराच्या गावी कोरविला, जिथे जहाज सोडण्यापूर्वी पूजाअर्चा आणि नवससायास सर्वात जास्त होत असणार आणि जिथे हमालांची संख्याही सर्वात मोठी असणार. जागा निवडताना सम्राटाने बरोबर नेम धरला, असे आम्हाला वाटते.

त्याच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वात आत सोन्याचा; त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. गावातील लोक या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा बुरूड. परशुरामाच्या कथा सांगून शूर्पारक आपल्या नावावर करून घेणाऱ्यांना लोकांच्या तोंडातला हा बुरूड राजा मात्र पुसता आला नाही.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे. 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात शूर्पारकच्या पूर्णाची कथा आहे. ती आम्ही भिक्खू झालेल्या पूर्णाची म्हणून ऐकतो. व्यापारी पूर्णाचा भाग प्रवचनात गाळला जातो. पूर्ण हा श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, पण दासीच्या पोटचा. बाप मेल्यावर भावांनी वाटणी केली. एकाच्या वाट्याला घर आणि शेत, दुसऱ्याच्या वाट्याला दुकान आणि परदेशातला माल, तिसऱ्याच्या वाट्याला पूर्ण! वाचकहो, नीट वाचा. पूर्णाला वाटा मिळाला नाही, पूर्ण स्वतःच वाटा होता. दासीचा मुलगा मालमत्तेच्या यादीत मोडत होता. थोरला भाऊ भला म्हणून त्याने पूर्णाला जवळ केले.

पुढे पूर्णाला बाजारात लाकडाचा भारा घेऊन जाणारा एक मनुष्य दिसतो. भर उन्हात तो कुडकुडत असतो. पूर्ण ओळखतो की या भाऱ्यात गोशीर्ष चंदन आहे, त्याच्या गारव्याने हा कापतो आहे. तो भारा विकत घेतो. नंतर राजाला दाहज्वर होतो, वैद्य गोशीर्ष चंदन सांगतात, आणि ते एकट्या पूर्णाकडे असते. निसर्गाने दिलेले लाकूड एकच. भारा वाहणारा आपले दाम घेऊन निघून गेला आणि लाकूड ओळखून साठविणारा नगरातील मोठा व्यापारी झाला. साधनसंपत्तीचे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या जाड पुस्तकांत याहून फार वेगळे काही नसते.

पण खरा धडा पुढे आहे. परदेशाहून पाचशे व्यापारी माल घेऊन शूर्पारकला आले. नगरातील व्यापाऱ्यांच्या श्रेणीने ठराव केला की कोणी एकट्याने जाऊन माल घ्यायचा नाही, सर्वांनी मिळून घ्यायचा. पूर्णाने जाऊन इसारा दिला आणि माल घेतला. श्रेणी खवळली, त्याला शिक्षा केली, प्रकरण राजापुढे गेले. राजाने एकच प्रश्न विचारला: ठराव करताना तुम्ही पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलाविले होते काय? नाही, महाराज. मग पूर्णाचे काय चुकले?

वसईच्या पुढच्या इतिहासावर हाच प्रश्न टाकून पाहा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांनी समुद्रावर 'कार्ताझ' नावाचा परवाना बसविला. तो नसेल तर जहाज जप्त. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता, पण परवाना त्यांचा होता. गोव्याच्या बाँ जेझू चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईकडून गेला. दगड फोडणाऱ्याचे नाव कुठेही नाही. १७३९ मध्ये पेशव्यांनी वसई घेतली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने त्याच वसईत इंग्रजांशी तह करून स्वराज्य गहाण टाकले. त्यानंतर बरोबर पंधरा वर्षे आणि एक दिवसाने भीमा कोरेगाव घडले. पण ज्यांच्या घामावर हा मुलूख चालत होता त्यांना यातल्या एकाही तहाच्या वेळी कोणी बोलाविले नव्हते.

आज सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली आहे, जहाजे कधीच गेली. तरी माल जातोच आहे. वैतरणेची रेती मुंबईच्या इमारतींत गेली; डुबी पद्धतीने ती काढणारा मजूर बादली घेऊन श्वास रोखून खाडीच्या तळाशी जातो आणि वर येतो. मिठागरातले मीठ गेले, आणि २०१८ च्या जुलैत पाऊस तुंबला तेव्हा वसईच्या मिठागरातील मजुरांची वस्तीच पाण्याने वेढली गेली. सूर्या नदीवरचे धरण डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी म्हणून बांधले. तेच पाणी आता ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे येते, पैकी १८५ दशलक्ष लिटर आमच्या वाट्याचे. ते पाणी आम्ही पितो. विरारच्या चाळीतल्या आमच्या मायमाऊलीला हंडाभर पाणी मिळालेच पाहिजे, यात शंका नाही. परंतु धरणासाठी ज्या आदिवासीचे गाव बुडाले त्याच्या शेतात किती गेले, हे विचारण्याची लाज आम्हाला वाटू नये. इथे आम्ही श्रेणीच्या बाजूला बसलो आहोत, पूर्णाच्या नव्हे.

आणि आता वाढवण. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली, म्हणून जगातील मोठ्यात मोठी जहाजे लागतील. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. याच बंदराचा प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली. समुद्र तोच, मासे तेच, मच्छिमारही तेच. बदलले ते खुर्चीवरचे.

सरकार म्हणते बारा लाख लोकांना रोजगार मिळेल. आमच्या वस्त्यांतील तरुण हा आकडा ऐकून हरखून जातात, आणि त्यांना दोष कसा द्यावा? पहाटेची विरार लोकल लटकत पकडणाऱ्याला जिल्ह्यात नोकरी हवीच असते. पण १९५६ पासून माल लोखंडी कंटेनरमध्ये बंद होऊन जाऊ लागला आणि जगभरच्या गोद्यांतून हमालाचा खांदा हद्दपार झाला. जिथे शेकडो माणसे आठवडाभर राबत, तिथे क्रेनचा चालक आणि संगणकावरचा कारकून काम उरकतात. मग बारा लाखांत क्रेन चालविणारे किती, जहाज-दलालीच्या कचेरीत बसणारे किती, आणि कंत्राटी सुरक्षारक्षक, झाडूवाले, ट्रकचे क्लीनर किती? त्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण असेल की सगळे ठेकेदाराच्या वहीत? अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण प्राधिकरणाच्या पगारपटापुरते असेल, की ज्या खाजगी कंपन्यांकडे धक्के चालवायला जातील त्यांनाही लागू होईल? बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे लिहिले, ते याच भीतीपोटी.

नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्यात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे, त्याच्या व्याजातून भिक्खूंना चीवर द्यावे म्हणून. राजाचा जावई ठेव ठेवतो आणि विणकर ती सांभाळतात! त्याच उषवदाताच्या दानांच्या यादीत सोपाऱ्याचेही नाव आहे. म्हणजे कारागिरांची संघटना पेढी चालवू शकत होती; ही कल्पना परदेशातून आणायची नाही. वाढवणला मालवाहतुकीची, दुरुस्तीची, शीतगृहांची कंत्राटे निघतील तेव्हा कोळी, आदिवासी आणि आमच्या तरुणांच्या सहकारी संस्था निविदा भरायला उभ्या असतील काय? त्यासाठी बंदर-व्यवस्थापन, सीमाशुल्क आणि हिशेब शिकलेली पोरे आजपासून लागतील. वसई-विरारमधील प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास नकाशा आणि निविदेचा कागद पुढे ठेवावा, अशी आमची सूचना आहे. सुरुवात सोपाऱ्याच्याच विहारातून व्हावी.