‘तेरवं’ करणाऱ्या बाया

११ जानेवारी २०१९ला यवतमाळच्या समता मैदानावर ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्‌घाटन झालं. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या आणि उद्‌घाटक होत्या कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या वैशाली येडे. त्या वेळी बहुतेक बातम्यांनी त्यांची ओळख एकाच ओळीत करून दिली: आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. ती खरी होती, पण अर्धीच होती. अंगणवाडीतलं काम आणि शिवणकाम करून दोन लेकरं वाढवणाऱ्या वैशालीताई नाटकातही काम करत होत्या. हजारोंच्या समोर माइक हातात घेण्याची त्यांची ही पहिली वेळ असेलही, पण प्रेक्षकांसमोर उभं राहण्याची मात्र नव्हती.

हा मान त्यांच्याकडे आला तो आडवाटेने. उद्‌घाटनासाठी आधी इंग्रजीत लिहिणाऱ्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजी लेखिकेला मराठी संमेलनात कशाला, म्हणून स्थानिक पातळीवर विरोध झाला, उधळून लावण्याची भाषा झाली आणि उद्‌घाटनाला पाच दिवस उरले असताना निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्यावरून राज्यभर गदारोळ उठला. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला आणि उद्‌घाटनाच्या मंडपात काही स्त्रिया सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या. अशा वेळी आयोजकांनी शेतकऱ्याच्या विधवेचं नाव पुढे केलं. त्यात अडचणीतून सुटण्याची घाई होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतकरी विधवेला विरोध कोण करणार?

पण पुढे जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. वैशालीताई बोलल्या आणि सभा त्यांची झाली. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतली बाईच उपयोगी पडते, असं त्यांनी सुरुवातीलाच सुनावलं. नवऱ्याचा पुनर्जन्मावर भरवसा होता, पुढच्या जन्मी अंबानी-अदानी होऊ म्हणून तो गेला. आपला मात्र पुनर्जन्मावर विश्वास नाही, लढायचं ते याच जन्मी, असं त्या म्हणाल्या. हे वाक्य कागदावर वाचलं तरी अंगावर येतं. समोर बसून ऐकणाऱ्यांना ते लागलं, कारण कुठे थांबायचं आणि कुठला शब्द पुढे ढकलायचा, हे बोलणारीला ठाऊक होतं. ती तालीम ‘तेरवं’ची होती.

‘तेरवं’ हे श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं नाटक. नाव घेतलं आहे ते मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाच्या विधीवरून. पाहुणे येतात, पंगत उठते, माणसं गावोगाव परततात आणि चौदाव्या दिवसापासून बाईचा खरा प्रश्न सुरू होतो. पेठकर हे नागपूरचे पत्रकार-लेखक. वऱ्हाडी बोलीचा आणि शेतीच्या अर्थकारणाचा दोन्हीचा त्यांना सराव. इथापे वर्षानुवर्षं वर्धा परिसरात ‘ॲग्रो थिएटर’च्या नावाने शेतीच्या प्रश्नांवर नाटकं करत आलेले, शिवाय नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांच्या ‘नाम’ फाउंडेशनच्या कामातून आत्महत्याग्रस्त घरांचे उंबरठे झिजवलेले. या नाटकात काम करायला त्यांनी पुण्या-मुंबईच्या नट्या आणल्या नाहीत. ज्यांच्या घरात हे घडलं त्याच एकल महिला आणि मुली मंचावर उभ्या केल्या. वैशालीताई त्यांतल्या एक.

इथे जरा थांबायला हवं, कारण या गोष्टीकडे लोक सहसा भलत्याच बाजूने बघतात. ‘बाया खऱ्याच आहेत, त्यांना कशाला अभिनय करावा लागतो?’ असं म्हटलं की कौतुक केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्यात त्यांची मेहनतच पुसली जाते. खरं रडू आलं की गळा दाटतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाही. वाक्य गिळलं तर पुढच्या बाईला आपली जागा सापडत नाही. आज वर्ध्याला, पुढच्या आठवड्यात नागपूरला तेच दुःख त्याच मिनिटाला, त्याच उंचीवर उभं करायचं आणि प्रयोग संपला की ते मागे टाकून घरी जायचं, कारण सकाळी अंगणवाडी उघडायची असते. हे भोगण्याचं काम नाही, कसबाचं आहे. अठराव्या शतकातल्या दिदरो या फ्रेंच विचारवंताने तर म्हटलं होतं की प्रेक्षकाला रडवायचं असेल तर नटाने स्वतः कोरडं राहायला शिकावं. रशियाच्या स्तानिस्लाव्हस्कीने याउलट नटाला आपल्याच आठवणीत उतरायला लावलं. नाट्यशाळांमधून हा वाद अजून चालतो. ‘तेरवं’मधल्या बायांपुढे तो रोजच्या प्रयोगाला उभा असणार, फक्त त्यांची आठवण शोधून आणायची नव्हती; ती आवरायची होती.

मराठी रंगभूमीच्या दृष्टीनेही ही घटना मोठी आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक सुरू केलं, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं आपल्याकडे स्त्रीपार्टी नटांचं राज्य होतं. बाईचं लग्न, बाईचं वैधव्य, बाईची विटंबना, सगळं पुरुषच साकारत. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, त्याच सुमारास दुर्गा खोटे बोलपटात आल्या आणि सुशिक्षित घरातल्या मुलींसाठी दार किलकिलं झालं. तरी ती दारं शहरातली होती. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, दिवाळीनंतर रात्ररात्र नाटकं चालतात आणि तिथे स्त्री कलावंतांना हंगामभर काम असतं. वडसा हे त्या धंद्याचं मोठं ठाणं. यवतमाळच्या कापूसपट्ट्यात तसा बाजारही नाही. इथे कोरडवाहू रानात राबणारी, वैधव्य आलेली बाई मेकअप करून नाटकात उभी राहते, ही गावाच्या नजरेला सहज पचणारी गोष्ट नव्हे.

दुःखाला मात्र या जिल्ह्यात तोटा नाही. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ दत्तपूर इथे जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती नोंदली गेली आणि किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेने दर १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. करप्यांच्या घरात मागे कुणी उरलंच नाही. पुढे घराघरात बाई उरत गेली. २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतंच. राज्य सरकारची मदत एक लाख रुपयांची. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. तीही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, हे पाहून समिती ठरवते. ‘अपात्र’ हा शिक्का बसला की सरकारच्या लेखी तो माणूस शेतीपायी मेलेलाच नसतो. वैशालीताईंचे पती गेले २०११मध्ये. तेव्हा त्या विशीत होत्या.

महिला किसान अधिकार मंचाने २०१८मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ५०५ शेतकरी विधवांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के बायांच्या नावावर नवऱ्याची जमीन झालेलीच नव्हती. म्हणजे नाटकातलं रडणं हे नुसतं नवऱ्यासाठीचं नाही. सासरा, दीर, तलाठी, बँक, सगळ्यांशी एकटीने बोलण्याची वेळ तिच्यावर येते. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकण्याची सवय नाटकाने लागली, तर ती तहसील कचेरीतही उपयोगी पडते.

हाच विषय पडद्यावरही आला आहे, आणि तो कसबी हातांनी. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवराही तसंच करील या धास्तीने त्याच्यावर नजर ठेवणारी, सासूला आणि पोराला त्याच्या मागे लावणारी अलका त्यात सोनाली कुलकर्णीने उभी केली. सासू झाल्या होत्या ज्योती सुभाष. दोघीही रंगभूमीवर घडलेल्या; सोनाली सत्यदेव दुबेंच्या हाताखाली शिकलेली, ज्योतीताई राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या. अलका कुठेही आक्रोश करत नाही. ती जेवायला वाढते, हसते आणि नवऱ्याकडे चोरून बघते. अशी बाई या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडेल. अभिनय शिकलेल्या नटीने परक्या दुःखात इतकं खोल जाणं आणि दुःख भोगलेल्या बाईने अभिनयाचं अंतर कमावणं, हे दोन उलटे प्रवास आहेत. माझ्या मते दुसरा अधिक अवघड, कारण त्यात परतीची वाट नसते.

अमेरिकेत असे दोन प्रवास एकाच चित्रपटात भेटले. फ्रान्सिस मॅकडॉरमंड ही येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत शिकलेली, नाटकासाठी टोनी आणि ‘फार्गो’, ‘थ्री बिलबोर्ड्स’साठी ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री. क्लोई झाओच्या ‘नोमॅडलँड’मध्ये तिने घर गमावून गाडीत राहणारी विधवा केली. तिच्यासोबत होत्या लिंडा मे आणि स्वँकी, खरोखरच गाडीत राहणाऱ्या, वय झालेल्या बाया, आणि त्या पडद्यावर आपल्याच नावाने वावरल्या. २०२१मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि मॅकडॉरमंडला पुन्हा अभिनयाचं. चित्रपट पाहताना लक्षात राहतं ते वेगळंच: लिंडा मे बोलू लागली की ही तीन-तीन ऑस्करवाली नटी गप्प बसून ऐकते. ऐकणं हाच तिचा तिथला अभिनय.

‘तेरवं’चाही चित्रपट झाला. ८ मार्च २०२४ला, महिला दिनी, तो प्रदर्शित झाला. लेखन पेठकरांचंच, दिग्दर्शन इथाप्यांचंच. पडद्यावर मुख्य भूमिका किरण खोजे, किरण माने अशा व्यावसायिक कलावंतांकडे गेल्या. यात गैर काही नाही. कॅमेऱ्याचं तंत्र निराळं, तिकीटबारीचा हिशेब निराळा. पण ज्या नाटकाची ताकदच मंचावरच्या बायांत होती, त्याची ही वाटचाल पाहताना ‘नोमॅडलँड’ आठवल्याशिवाय राहत नाही.

वैशालीताईंचा पुढचा मंच नाटकाचा नव्हता. संमेलनानंतर तीनच महिन्यांत, एप्रिल २०१९च्या लोकसभा निवडणुकीत बच्चू कडू यांच्या प्रहार जनशक्ती पक्षाने त्यांना यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून उभं केलं. समोर शिवसेनेच्या भावना गवळी आणि काँग्रेसचे माणिकराव ठाकरे असे मातब्बर. गवळी निवडून आल्या. वैशालीताईंना वीस हजारांच्या आसपास मतं मिळाली आणि अनामत गेली. टाळ्यांची मतं होत नाहीत, हा धडा मोठमोठ्या नटांनीही घेतलेला आहे. राजूरच्या बाईला तो एका उन्हाळ्यात मिळाला. तरी अंगणवाडीतली बाई संमेलनाच्या व्यासपीठावर आणि तिथून लोकसभेच्या मतपत्रिकेवर पोचली, हा टप्पा एका नाटकाने गाठून दिला, हेही तितकंच खरं.

यवतमाळात याआधी साहित्य संमेलन भरलं होतं १९७३मध्ये, गदिमांच्या अध्यक्षतेखाली. पुढचं कधी भरेल ते भरो. तोवर जिल्ह्यात दरवर्षी गणपतीत, शारदोत्सवात, कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत, बँकांच्या आणि बाजार समित्यांच्या वर्धापनदिनांत करमणुकीवर पैसा खर्च होतोच. ऑर्केस्ट्रावाल्याची बिदागी आधी ठरते आणि वेळेवर दिली जाते. अशा बायांचं नाटक बोलवायचं म्हटलं की मात्र साडी-चोळी, शाल-श्रीफळ आणि ‘समाजकार्य’ आठवतं. आयोजकांनी एवढं करावं: नाटक लावावं, पत्रिकेवर ‘शेतकरी विधवा’ऐवजी कलावंतांची नावं छापावीत, आणि इतर कुठल्याही नाटकाला देतात तेवढं मानधन, जाण्यायेण्याच्या खर्चासह, त्यांच्या हातात द्यावं.