मतलई वारा, दशमीची भरती आणि रावस

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड हा समुद्राचा लांबलचक फाटा आहे. दर विषम वर्षी उन्हाळा सरता सरता तिथे गुलाबी सॅमनचे थवे काठाला लागतात, आणि गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून माणसं ते पिसांच्या आमिषावर धरतात. नदीत शिरल्यावर सॅमन खाणं जवळजवळ सोडतो. समुद्रात असेपर्यंत त्याची भूक शाबूत असते, म्हणून किनाऱ्यावरच गाठायचा.

याला फ्लाय फिशिंग म्हणतात. आपल्या गळाला शिसं बांधतात आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. इथे आमिषाला वजन जवळपास नसतंच. दोरीच जाड आणि जड. काठीने ती मागे-पुढे उलगडत फेकली की टोकाची पिसं तिच्यामागे जातात.

मुंबईच्या उपनगरांत हा खेळ खेळायचा तर मासा रावसच. तो इंडियन सॅमन म्हणून विकला जातो, पण सॅमनच्या कुळातला नाही. वर्सोव्याच्या बाजारात एखादा नीट निरखून पाहा. नाकाड तोंडाच्या पुढे आलेलं, डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा आणि छातीच्या पराखाली चार सुटे धागे. खाडीच्या गढूळ पाण्यात या धाग्यांनी तळ चाचपत तो कोळंबी, जवळा, बारीक मासळी शोधतो. त्यामुळे प्युजेट साउंडच्या नितळ पाण्यातली चमकती पिसं इथे पुरेशी नाहीत. आमिष गडद हवं, कोळंबीच्या आकाराचं, आणि तळालगत सावकाश ओढायला हवं.

पाणी थोडं निवळलेलं असावं, यासाठी पंचांग उघडावं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, बारानंतर तेवढ्या तासांनी भरती पूर्ण. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप वर चढतं आणि सगळा चिखल ढवळून काढतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, ओढ कमी, गाळ कमी. दशमीला भरती सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे उजाडताना पाणी चढतं असतं. कार्तिकात त्या वेळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो. तो पाठीशी असला की हलकी पिसं सहज दूर पडतात. दुपारचा खारा वारा तीच तोंडावर आणून टाकतो. वारा, भरती आणि निवळलेलं पाणी एकाच सकाळी जुळून येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोराई, मनोरी, मढचा काठ यासाठी बरा. अक्साला मात्र पाण्यात उतरू नये. तिथले प्रवाह आणि खड्डे जीवघेणे आहेत. गोड्या पाण्यावर, पवई तलावाशी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. पण खाऱ्या किनाऱ्यावर फ्लायची काठी क्वचितच दिसते. चालतो तो साधा गळ आणि कोळंबी.

एक गोष्ट मात्र गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. रावस आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी मिरवला जाणारा सर्वांत मोठा रावस बहुधा अंडी देणारी मादी असते. जाळ्यात गुदमरून मेलेली मादी कोळ्याने पाण्यात परत सोडली तरी उपयोग नसतो. गळावरची जिवंत असते, तिला सोडता येतं. गरीचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवावा, हात ओले करावेत आणि पाण्याबाहेर न काढताच गरी सोडवावी. कालवणाला न्यायचाच तर मधल्या चणीचा न्यावा. वीतभर पिल्लूही नको.