जुना, जुनाट की जीर्ण? कथेतल्या वर्णनाचा अभ्यास कसा करायचा

कथा-कादंबरीवर सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य बहुतेकांच्या मसुद्यात येतंच : ‘लेखकाने गिरगाव-परळमधील जुन्या चाळींचे सुंदर वर्णन केले आहे.’ व्याकरणाने हे वाक्य बरोबर आहे, पण संशोधन म्हणून रिकामं आहे. जुन्या, म्हणजे कुणाच्या नजरेने? सुंदर काय आहे, चाळ की वर्णन? आणि लेखकाने नेमके कोणते शब्द वापरलेत? गाईड समासात प्रश्नचिन्ह काढतात ते इथेच.

जुन्या आणि देखण्या वस्तूंसाठी वापरलेली विशेषणं अभ्यासायची कशी, ते आज बघू. माझं म्हणणं थोडक्यात असं : असं विशेषण वस्तूचं वय सांगतं, पण त्याहून जास्त ते पाहणाऱ्याची जागा सांगतं. ती जागा शोधणं हे आपलं काम.

१. शब्द कुणाच्या सोबत येतो?

‘जुना’ हा शब्द एकटा फारसं काही बोलत नाही. जुना तांदूळ ही स्तुती आहे. जुना मित्र म्हणजे विश्वासाचा माणूस. जुनं दुखणं म्हणजे त्रास. आणि जुनी चाळ? ते बोलणाऱ्यावर अवलंबून. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात हाच मुद्दा मांडला होता : शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतीच्या शब्दांवरून कळतो. मराठीत याला शब्दसाहचर्य म्हणता येईल. त्यामुळे विशेषण कधीही सुटं टिपू नका, नामासकट टिपा.

आता ‘जुना’चं कुटुंब पाहा.

‘जुनाट’मध्ये नापसंती आहे. जुनाट विचार, जुनाट खोकला. आवडत्या वस्तूला आपण जुनाट म्हणत नाही.

‘जीर्ण’ म्हणजे वापराने आणि काळाने विरलेलं, झिजलेलं : पोथी, वस्त्र, देऊळ. ‘अजीर्ण’मधला ‘जीर्ण’ही हाच. संस्कृतात त्याचा अर्थ ‘पचलेलं’ असाही होतो. काळाने पचवत आणलेली वस्तू ती जीर्ण, असं लक्षात ठेवलं तर शब्द चुकीच्या जागी पडत नाही.

‘मोडकळीस आलेला’ हा शब्द भविष्याकडे बोट दाखवतो. वस्तू अजून उभी आहे, पण फार काळ राहणार नाही.

‘प्राचीन’ आणि ‘पुरातन’ अंतर निर्माण करतात. इतिहासात ‘प्राचीन’ हा कालखंडाचा शब्द आहे, त्यामुळे शंभर वर्षांच्या चाळीला तो लावला तर विनोद होतो. काही वेळा लेखकाला तोच विनोद हवा असतो, हेही ध्यानात ठेवा.

‘पिढीजात’, ‘वडिलोपार्जित’ हे शब्द मालकी सांगतात. ‘पेशवेकालीन’, ‘ब्रिटिशकालीन’ तारीख सांगतात. आणि ‘अँटिक’ म्हटलं की किंमत आली. आजीच्या घरातला पितळी डबा जुना असतो. तोच डबा चोर बाजारातल्या दुकानात पोचला की अँटिक होतो.

२. ‘सुंदर’च्या जागी काय?

‘सुंदर’ हा फक्त निकाल आहे, त्याचं कारण त्यात नाही. मराठीत कारणासकट येणारे शब्द भरपूर आहेत. ‘रेखीव’ रेषेबद्दल बोलतो, ‘घाटदार’ आकाराबद्दल, ‘सुबक’ कारागिरीच्या नीटसपणाबद्दल, ‘डौलदार’ ऐटीबद्दल. ‘कोरीव’ आणि ‘नक्षीदार’मध्ये हाताने केलेलं काम दिसतं. ‘ऐसपैस’मध्ये जागा दिसते, ‘टुमदार’मध्ये लहानपण.

हे शब्द कुठेही चालत नाहीत. गिरगावातल्या खोताच्या वाडीतलं व्हरांड्याचं, बाहेरून लाकडी जिना असलेलं घर टुमदार म्हणता येईल. नायगाव, वरळी, शिवडी किंवा ना. म. जोशी मार्गावरची बीडीडी चाळ टुमदार म्हणता येणार नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या तीन मजली काँक्रीटच्या इमारती. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. अशा चाळीचं सौंदर्य लिहायचं तर लेखक काय करतो?

इथे मराठीतली धातुसाधित विशेषणं कामाला येतात : ‘-लेला, -लेली, -लेलं’ वाली. हात लागून लागून गुळगुळीत झालेला कठडा. मधोमध झिजलेली पायरी. कडेला पिवळी पडलेली पानं. घासून घासून पातळ झालेलं पातेलं. अशा विशेषणांत वस्तूवर काय घडलं आणि ते कुणामुळे घडलं, दोन्ही येतं. ‘जुनी, सुंदर पायरी’ म्हटलं की आपण बाहेर उभे असतो. ‘मधोमध झिजलेली पायरी’ म्हटलं की त्या पायरीवरून रोज गेलेली माणसं दिसायला लागतात. कथेत जुनेपणा आणि सौंदर्य एकत्र येतं ते बहुधा अशा शब्दात, म्हणून या विशेषणांची नोंद वेगळी ठेवा.

३. कोण पाहतंय?

फ्रेंच समीक्षक जेरार झेनेत यांनी १९७२ मध्ये कथनाच्या अभ्यासात एक साधा भेद स्पष्ट केला : कथा सांगणारा कोण आणि पाहणारा कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विशेषणं अभ्यासताना हा भेद फार उपयोगी पडतो.

उदाहरणासाठी मीच रचलेली तीन वाक्यं घ्या. जिना एकच, गिरगावातल्या एका चाळीतला.

– ‘अंधारा, करकरणारा जिना चढताना तिने पदर घट्ट धरला.’
– ‘जिना चढताना तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय आपोआप डावीकडे पडला.’
– ‘जिना लाकडी, मोडकळीस आलेला, तातडीने टेकू देणे आवश्यक.’

पहिल्यात नवी नवरी पाहते आहे. तिसऱ्यात तपासणीला आलेला इंजिनिअर. दुसऱ्यात जन्मापासून तिथे राहिलेला माणूस आहे, आणि त्याच्या वाक्यात जिन्याला एकही विशेषण नाही! पायाला सगळं ठाऊक आहे, डोळ्याला काही सांगायची गरजच पडत नाही. म्हणून लक्षात ठेवा : विशेषण नसणं हाही पुरावा आहे. रहिवासी ‘आमची चाळ’ म्हणतो आणि थांबतो.

४. शब्दाने बिघडतं काय?

‘हे सगळं शब्दांचे खेळ’ असं वाटत असेल तर मुंबईकडे पाहा. म्हाडाच्या भाषेत शहरातल्या हजारो जुन्या इमारती ‘उपकरप्राप्त’ आहेत. त्यातही १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेल्या ‘अ’ वर्गात. महापालिकेच्या यादीत इमारत ‘अतिधोकादायक’ ठरली की ती रिकामी करून पाडायची असते. पुनर्विकासाच्या पत्रकात तीच ‘जीर्ण’ होते. हेरिटेज वॉकला आलेल्या पाहुण्यासाठी ती ‘मोहक’ असते.

दुसरीकडे, ओव्हल मैदानाच्या पूर्वेच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. तिथल्या आर्ट डेको इमारती १९३० च्या दशकापासूनच्या. म्हणजे बीडीडी चाळी त्यांच्याहून थोड्या आधीच्याच. तरी एकीला ‘वारसा’ हा शब्द मिळाला आणि दुसरीला ‘पुनर्विकास’. बांधणी, अवस्था, वापर असे बरेच फरक त्यात आहेत, वयाने एकट्याने हा निकाल दिलेला नाही.

पण घाईने ‘चाळ सुंदर होती, ती वाचायला हवी होती’ असंही लिहू नका. १६० चौरस फुटांत संसार केलेल्या बाईला मोठं घर आणि स्वतःचा संडास हवा असेल, तर तिच्यासाठी ‘मोहक’ हा शब्द जवळजवळ अपमान आहे. कथालेखक ‘मोहक’ लिहितो तेव्हा सकाळची रांग त्याच्या वाक्यातून गळते. ‘जीर्ण’ लिहितो तेव्हा गणपतीतली गॅलरी गळते. काय गळलं, हे दाखवून देणं हा तुमच्या प्रबंधाचा मुद्दा होऊ शकतो.

५. मग प्रत्यक्षात करायचं काय?

एक पुस्तक घ्या. पु. ल. देशपांडे यांचं ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) चांगली सुरुवात आहे, कारण शेवटच्या ‘एक चिंतन’ या भागात सूर बदलतो आणि चाळ तीच राहते. तुलनेला जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह घ्या. तिथे १९८२ च्या संपानंतरचं गिरणगाव आहे. आधी फक्त वीस-वीस पानं.

वहीत पाच रकाने आखा : विशेषण, नाम, पाहणारा, सांगणारा, आणि पुढे त्या वस्तूचं काय होतं. पाचवा रकाना बरेच जण सोडतात, आणि निष्कर्ष बहुधा तिथेच सापडतो. वस्तू विकली जाते, पाडली जाते, पुसून कपाटात ठेवली जाते की तशीच राहते? शब्द आणि शेवट यांचं नातं दिसायला लागलं की तुमच्याकडे गृहीतक आलं.

अर्थाची शंका आली तर आजच्या कानावर विसंबू नका. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) दोन्ही उघडा. शहराच्या वर्णनाची जुनी भाषा पाहायची तर गोविंद नारायण माडगावकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) आहे. ती कादंबरी नाही, पण त्या काळी मुंबईत काय ‘जुनं’ वाटत होतं ते तिथे कळतं. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) अशा कामासाठी जवळची जागा आहे.

एवढं झालं की सिनॉप्सिसमधलं ते वाक्य असं लिहिता येईल : ‘निवडलेल्या कथांत चाळीतील वस्तूंना रहिवासी पात्रांच्या नजरेतून क्वचित विशेषण लागते; बाहेरून आलेल्या पात्रांच्या नजरेतून ते नेहमी लागते. या फरकाचा आणि त्या वस्तूंच्या कथेतील शेवटाचा संबंध तपासणे हा या अभ्यासाचा हेतू आहे.’ तपासणीअंती हे गृहीतक खोटंही ठरेल. ठरू द्या. आधीच्या वाक्यात खोटं ठरण्यासारखं काही नव्हतंच.