फोन एकमेकांसारखे का दिसतात? नकलेबद्दलचे काही गैरसमज

मोबाइलच्या दुकानात पाच-सहा नवे फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, तर नाव वाचल्याशिवाय कोणता कोणाचा हे ओळखणं अवघड झालं आहे. मग ठरलेला वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, सगळे अ‍ॅपलची कॉपी मारतात. दुसरा म्हणतो, आयफोनमध्ये आज आलेलं आमच्या अँड्रॉइडवर कधीचं आहे. या वादात ‘आधी कोणी केलं’ एवढंच मोजलं जातं, आणि फोन विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच मुद्दा सगळ्यांत कमी कामाचा आहे. काय उचललं, ते मुळात कशासाठी होतं आणि उचलताना त्यामागचं काम सोबत आलं का, हे विचारायला हवं.

‘नॉच अ‍ॅपलची, बाकीच्यांनी चोरली’

नॉच म्हणजे स्क्रीनच्या वरच्या कडेला पुढच्या कॅमेऱ्यासाठी सोडलेली काळी खाच. ती असलेला आयफोन एक्स १२ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झाला. त्याआधी मे महिन्यात अँड्रॉइडच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अँडी रुबिन यांच्या कंपनीने ‘इसेन्शियल’ हा फोन दाखवला होता. त्याच्या स्क्रीनमध्ये कॅमेऱ्याभोवती छोटीशी खाच होती. ऑगस्टमध्ये शार्पचा अ‍ॅक्वोस एस२ तशीच खाच घेऊन चीनमध्ये आला. म्हणजे पहिलेपणाचा मान अ‍ॅपलचा नाही. पण अ‍ॅपलने इसेन्शियल पाहून केलं असंही नाही, कारण एवढ्या गुंतागुंतीच्या फोनची रचना चार महिन्यांत बदलून कारखान्यात उतरवता येत नाही. स्क्रीन काठापर्यंत न्यायची सगळ्यांनाच घाई होती, कॅमेरा कुठेतरी बसवणं भाग होतं, आणि तिघंही साधारण एकाच उत्तरापाशी पोहोचले.

खरी नक्कल झाली ती २०१८ मध्ये, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. आयफोन एक्सच्या त्या रुंद खाचेत कॅमेरा आणि स्पीकर तर होतेच. शिवाय चेहऱ्यावर तीस हजारांहून अधिक अदृश्य ठिपके टाकणारा प्रोजेक्टर, ते ठिपके वाचणारा इन्फ्रारेड कॅमेरा आणि अंधारात चेहरा उजळवणारा इन्फ्रारेड दिवाही होता. खाच रुंद होती ती एवढं सामान बसवण्यासाठी. त्या फोनची ओलेड स्क्रीन लवचीक होती. तिची खालची कड आतल्या बाजूला दुमडून जोडण्या मागे नेल्या होत्या, म्हणून खाली जाड पट्टी उरली नाही. त्यानंतरच्या वर्षभरात खाचवाल्या अँड्रॉइड फोनांची रांग लागली. त्यांतल्या बहुतेकांच्या खाचेत फक्त साधा कॅमेरा आणि स्पीकर होता. चेहऱ्याने लॉक उघडण्याची सोय त्या साध्या कॅमेऱ्यावरच चालायची, म्हणजे चेहऱ्याची खोली न मोजता. आणि स्क्रीन लवचीक नसल्यामुळे खालची पट्टी तशीच राहिली. आकार आला, त्यामागचं कारण आलं नाही. अपवादही होते. हुआवेच्या मेट २० प्रोमध्ये खरोखर चेहऱ्याची खोली मोजणारी यंत्रणा होती. पण खाचेची लाट एवढी मोठी होती की गूगलला अँड्रॉइड ९ मध्ये अशा स्क्रीनसाठी वेगळी तरतूद करावी लागली.

पुढे काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. साध्या कॅमेऱ्याला एवढी रुंद जागा लागत नाही हे लक्षात आल्यावर त्याच कंपन्यांनी वर्ष संपायच्या आत खाच थेंबाएवढी केली, मग स्क्रीनला फक्त एक भोक ठेवलं. नकलेपासून सुरू झालेली गोष्ट दोन वर्षांत स्वतःच्या गरजेप्रमाणे सुधारली. अ‍ॅपलची रुंद खाच मात्र बरीच वर्षं टिकली.

‘अ‍ॅपलने गोल कोपऱ्यांच्या चौकोनाचं पेटंट घेतलं’

हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. अर्धं खरं असल्यामुळे ते खोडणं कठीण जातं. अ‍ॅपलने सॅमसंगवर एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत दावा लावला. त्यात तंत्राची काही पेटंटं होती आणि दिसण्याची, म्हणजे डिझाइन पेटंटं होती. डिझाइन पेटंटमध्ये शब्द जवळजवळ नसतात, चित्रं असतात. सलग रेषेत काढलेल्या भागावर हक्क सांगितलेला असतो, तुटक रेषेतला भाग हक्काबाहेरचा असतो. आयफोनच्या पुढच्या भागाच्या चित्रात काळा, सपाट, चकाकणारा दर्शनी भाग सलग रेषांत होता आणि फोनचं बाकीचं अंग तुटक रेषांत. दुसऱ्या पेटंटमध्ये कडेची पट्टी होती, तिसऱ्यात रंगीत आयकॉनची जाळी. हक्क त्या विशिष्ट रूपावर होता, चौकोन या आकारावर नव्हता. याचा पुरावा त्याच खटल्यात आहे. अ‍ॅपलचं टॅब्लेटसाठीचं डिझाइन पेटंट बरंच साधं होतं, गोल कोपऱ्यांच्या चौकोनाच्या सगळ्यांत जवळ जाणारं. सॅमसंगने ते मोडलं हे ज्युरीने मानलं नाही.

फोनच्या बाबतीत मात्र सॅमसंगची बाजू लंगडी होती. त्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांत २०१० सालचा १३२ पानांचा एक अहवाल निघाला. त्यात आयफोन आणि गॅलॅक्सी एस यांची एकेक स्क्रीन समोरासमोर ठेवून आपली कुठे कमी पडते आणि काय सुधारायचं हे लिहिलं होतं. स्पर्धकाचा फोन उघडून पाहणं प्रत्येक कंपनी करते. पण हा अहवाल वाचला की प्रेरणा कुठे संपली आणि गिरवणं कुठे सुरू झालं हे स्पष्ट दिसतं. ज्युरीने २४ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्याच दिवशी सोलच्या न्यायालयाने दोन्ही कंपन्यांनी एकमेकांची पेटंटं मोडली असं सांगितलं. दीड महिना आधी लंडनच्या न्यायालयाने गॅलॅक्सी टॅबने अ‍ॅपलचं नोंदलेलं टॅब्लेटचं डिझाइन मोडलेलं नाही असा निकाल दिला होता. अमेरिकेतली रक्कम पुढे वर-खाली होत राहिली. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई संपूर्ण फोनच्या नफ्यावरच मोजली पाहिजे असं नाही, असं म्हटलं. मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. हा खटला सुरू झाला तेव्हा आयफोनचा प्रोसेसर सॅमसंगच्याच कारखान्यात बनत होता.

बोट सरकवून लॉक उघडण्याची कथा आणखी बोलकी आहे. आयफोनच्या आधी स्वीडनच्या निओनोड कंपनीच्या एन१एम या फोनवर अशी सोय होती. तो दाखला धरून जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये अ‍ॅपलचं पेटंट रद्द ठरवलं. अमेरिकेत मात्र तेच तंत्र धरून, इतर पेटंटांसह, मिळालेली सुमारे १२ कोटी डॉलरची भरपाई अपील न्यायालयाने २०१६ मध्ये कायम केली. कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो. तिच्या विशिष्ट रूपावर किंवा पद्धतीवर असतो, तोही देशागणिक वेगळा आणि ठरावीक मुदतीचा.

आपल्याकडे डिझाइन्स अ‍ॅक्ट २००० नुसार नोंदलेल्या रूपाला दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. निव्वळ यांत्रिक कामासाठी असलेल्या रचनेला ते मिळत नाही. भारतात फोनवरून झालेले गाजलेले खटले दिसण्याचे नाहीतच. ते नेटवर्कशी बोलणाऱ्या तंत्राचे आहेत. एरिक्सनने २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सवर आणि २०१४ मध्ये शाओमीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने लावा कंपनीने एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये द्यावेत असा निकाल दिला. हे तंत्र वापरल्याशिवाय फोन नेटवर्कला जोडताच येत नाही, म्हणून ते सगळ्यांनी वापरायचं आणि मालकाने वाजवी दरात परवाना द्यायचा असा दंडक आहे. इथे सारखेपणा सक्तीचा आहे, भांडण फक्त भाड्याचं.

‘सारखे दिसतात म्हणजे एकमेकांचं बघून केलेले’

बऱ्याचदा ते एकाच ठिकाणाहून आलेले असतात. कॅमेऱ्याचे सेन्सर सोनी आणि सॅमसंगचे, काच कॉर्निंगची, प्रोसेसर क्वालकॉम किंवा मीडियाटेकचा, स्क्रीन मोजक्या कारखान्यांची. सॅमसंगची स्क्रीन आयफोन एक्समध्येही होती. सुटे भाग एकच असले की त्यांच्याभोवतीचं खोकं किती वेगळं होणार? स्वस्त फोनांत तर आख्खी रचनाच तयार मिळते. हुआचिन, लाँगचीअर यांसारख्या चिनी कंपन्या दुसऱ्यांसाठी फोन आखून बनवून देतात, आणि सॅमसंगनेही आपली काही स्वस्त मॉडेल अशी बाहेरून करून घेतली आहेत. ओपो, विवो, वनप्लस आणि रिअलमी यांची मुळं चीनच्या बीबीके इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत. २०१८ मध्ये वनप्लस ६टी हा ओपो आर१७ सारखा दिसला, त्यात चोरी नव्हती, ते घरातलंच होतं. आणि कधी कधी कारण कायदा असतो. आयफोन १५ ला यूएसबी-सी आलं ते अँड्रॉइडचं पाहून नव्हे, युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून ते बंधनकारक केलं म्हणून.

‘अ‍ॅपल कोणाचं उचलत नाही’

उचलतं, आणि बऱ्याचदा छान उचलतं. वरून खाली ओढायचा नोटिफिकेशनचा पडदा अँड्रॉइडवर २००८ पासून होता, आयफोनवर २०११ मध्ये आला. मोठ्या स्क्रीनचा गॅलॅक्सी नोट २०११ चा, आयफोन ६ प्लस २०१४ चा. पण मला यातला सगळ्यांत मोठा ऋणको-धनको व्यवहार वाटतो तो पाम कंपनीचा. २००९ मध्ये पामच्या वेबओएसवर चालू असलेली अ‍ॅप पत्त्यांसारखी रांगेत दिसायची आणि वर भिरकावली की बंद व्हायची. त्याच वर्षी पामने तारेविना चार्जिंगही आणलं. कंपनी एचपीने विकत घेतली आणि २०११ मध्ये ही उपकरणं बंद पडली. वेबओएसचे डिझायनर मातियास दुआर्ते २०१० मध्येच गूगलमध्ये गेले होते. आज आयफोनवर आणि अँड्रॉइडवर आपण अ‍ॅप वर सरकवून बंद करतो, ते पामच्या हाताचं वळण आहे. अशी नक्कल झाली नसती तर ती कल्पना कंपनीबरोबरच संपली असती. उलट्या दिशेचं उदाहरण अलीकडचं आहे. आयफोन १२ बरोबर आलेलं चुंबकाने चिकटणारं चार्जिंग अ‍ॅपलने स्वतःच ची२ या सामायिक मानकासाठी खुलं केलं.

‘नक्कल म्हणजे नवी सोय मिळणं’

सोय काढून घेण्याचीही नक्कल होते, आणि ग्राहकाला तीच महागात पडते. हेडफोनचा जॅक प्रथम आयफोन ७ ने काढला हाही गैरसमजच. ओपोच्या आर५ मध्ये २०१४ मध्येच तो नव्हता आणि मोटो झेड आयफोन ७ च्या काही महिने आधी जॅकविना आला होता. पण बाजाराला वळण लागलं ते अ‍ॅपलमुळे. सॅमसंगने जाहिरातींतून त्याची खिल्ली उडवली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गॅलॅक्सी नोट १० चा जॅक काढला. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला, पुन्हा टिंगल झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये गॅलॅक्सी एस२१ च्या खोक्यातूनही गेला. आघाडीच्या कंपनीने लोकांचा राग एकदा अंगावर घेतला की मागच्यांना तीच बचत विनासायास मिळते. चांगली सोय उचलली गेली तर ती स्वस्त फोनापर्यंत पोहोचते. सोय काढण्याची नक्कल झाली तर निवडीला जागाच उरत नाही. आपण नाराजी दाखवायची तर ती इथे दाखवावी.

दिसण्यापुरत्या नकलेपासून सावध राहण्याचा उपाय सोपा आहे. मागे चार कॅमेरे दिसले तर प्रत्येकाचे मेगापिक्सेल विचारा. मॅक्रो आणि डेप्थ या नावाखाली दोन-दोन मेगापिक्सेलचे सेन्सर कित्येक स्वस्त फोनांत फक्त संख्या भरायला बसवलेले होते. चेहऱ्याने लॉक उघडत असेल, तर ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालतं का, ते विचारा. आणि सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार हे खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा.

‘फर्स्ट कॉपी म्हणजेही तेच की’

नाही. वर सांगितलेल्या सगळ्या नकलांत कंपनी स्वतःच्या नावाने फोन विकते आणि जबाबदार राहते. ‘फर्स्ट कॉपी’मध्ये दुसऱ्याचं नावच उचललेलं असतं, आत काय आहे याची हमी कोणाचीच नसते. खोटं बोधचिन्ह लावणं ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९९९ नुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आहे. जुना किंवा संशयास्पद स्वस्त फोन घेताना पैसे देण्याआधी *#०६# दाबा, येणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडा, आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर टाकून कंपनी व मॉडेल तेच दिसतं का ते बघा. जुळलं नाही तर किंमत कितीही कमी असो, तो फोन घेऊ नका.