लेखनिक यंत्र

ज्ञानेश्वरांनी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. त्याहून जुनी कथा व्यास-गणपतीची. लेखणी मध्येच थांबता कामा नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ उमगल्यावाचून एक अक्षरही लिहायचे नाही, ही व्यासांची उलट अट. आपण बोलू ते पडद्यावर उमटवणारा संगणक पहिली अट सहज पाळतो. दुसरीच्या वाटेला मात्र तो जात नाही. तरीही तो बरेचसे बरोबर लिहितो, ते कसे?

आवाज म्हणजे हवेतील कंप. मायक्रोफोन त्यांचे विजेच्या कंपांत रूपांतर करतो आणि संगणक सेकंदाला साधारण १६,००० वेळा त्यांचे माप घेऊन आकड्यांची एक लांबलचक रांग तयार करतो. मग सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या बारीक तुकड्यांत कोणता ध्वनी असण्याचा संभव किती, याचा हिशेब मांडला जातो. परंतु नुसत्या कानाने भागत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण बोलताना सारखेच उच्चारतो. येथे शेजारचा शब्द पाहावा लागतो. ‘महाराष्ट्र’च्या मागून ‘दिन’ येण्याचा संभव अधिक, ‘दुबळे’च्या आधी ‘दीन’ येण्याचा. असंख्य वाक्ये पुरवल्यावर यंत्राला या शेजारपणाचा अंदाज येतो. म्हणूनच एकेक शब्द तोडून सांगण्यापेक्षा सबंध वाक्य सलग सांगितले, तर ते अधिक शुद्ध उमटते.

या हिशेबाच्या मुळाशी एक काव्य आहे, हे ऐकून आपल्या कलाशाखेला बरे वाटेल! आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या ‘येव्गेनी ओन्येगिन’ या पद्यमय कादंबरीतील पहिली २०,००० अक्षरे घेतली आणि स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, हे हाताने मोजून काढले. एक अक्षर कळले की पुढच्याबद्दलचा अंदाज बदलतो, हे त्याला आकड्यांनी दाखवायचे होते. काव्याच्या रसिकांना हा अरसिकपणा वाटेल. पण सुमारे साठ वर्षांनी अमेरिकेत जेम्स बेकर यांनी याच विचारावर उभे राहिलेले गणित मानवी बोलण्याला लावले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जॅनेट यांनी १९८२ साली ‘ड्रॅगन सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. तिच्या १९९० सालच्या ‘ड्रॅगन डिक्टेट’ला प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. १९९७ साली आलेल्या ‘नॅचरली स्पीकिंग’पासून माणसाला आपल्या नेहमीच्या ओघात बोलता येऊ लागले. त्याआधीची यंत्रे तर फारच अल्पसंतुष्ट होती. बेल प्रयोगशाळेचे १९५२ सालचे यंत्र केवळ शून्य ते नऊ हे अंक ओळखी. पुढे मार्कोव्हच्या गणिताची जागा बऱ्याच अंशी नव्या पद्धतींनी घेतली. परंतु संभव तोलण्याचे मूळ सूत्र कायम राहिले. गूगलच्या श्रुतलेखनात मराठी आली ती २०१७ साली.

मजकूर सांगणे हे एक काम. संगणकाला हुकूम सोडणे हे दुसरे. दोन्ही कामे एकाच तोंडाने करायची, त्यामुळे घोटाळे होतात. शाळेत गुरुजी श्रुतलेखन घालताना ‘पूर्णविराम’ म्हणत आणि एखादा भाबडा विद्यार्थी तो शब्दच वहीत लिहून ठेवी, तसेच हे. हाताने माऊस हलवता येत नसेल तर काय करावे, यावरची युक्ती मात्र मोठी सुबक आहे. २००७ सालच्या ‘विंडोज व्हिस्टा’मध्ये ‘शो नंबर्स’ म्हटले की पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर एकेक आकडा दिसे. आपण आकडा म्हणायचा, बटण दाबले जाई. जेथे बटणच नाही तेथे पडद्याचे नऊ चौकोन पाडून घ्यायचे, हवा तो चौकोन सांगायचा. त्याचे पुन्हा नऊ होत. असे दोन-चार वेळा केले की हवा तो ठिपका सापडे. त्या हुकुमांच्या भाषांत मराठी नव्हती.

धडधाकट माणसाला ही सारी चैन वाटेल. परंतु ज्याचे हात चालत नाहीत, अशा विद्यार्थ्याचा विचार करा. त्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. पण उत्तर लेखनिकाच्या गतीने, त्याच्या ऱ्हस्वदीर्घांनी आणि कधी कधी त्याच्या समजुतीने कागदावर उतरते. लिहिलेले वाक्य खोडून नव्याने मांडावेसे वाटले, तर किती वेळा सांगायचे, याचाही संकोच होतो. यंत्रापुढे तो संकोच नाही. आपले वाक्य मोडून पुन्हा जुळवणे, हाच तर लेखनाचा अर्धा भाग आहे, आणि तो या मित्राला स्वतः करता येतो. मात्र वाचून तपासण्याचे काम त्याचेच, कारण यंत्राची चूकही शुद्ध, ठसठशीत टंकात येते आणि म्हणून डोळ्यांना चटकन दिसत नाही.

त्यातही यंत्र सगळ्यांचे सारखे ऐकत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. इंग्रजी तीच, देशही तोच. ज्यांचे बोलणे यंत्राला शिकवताना पुरेसे ऐकवले नव्हते, त्यांचे शब्द ते चुकवत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज होता. मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाने बोलणाऱ्या आपल्या मित्रांना यापेक्षा वेगळा अनुभव का यावा? ज्याला हातांऐवजी आवाजच वापरणे भाग आहे, त्याने आधी पुस्तकी उच्चार शिकावेत आणि मग लिहावे, असे म्हणणे मला तरी पटत नाही.

याला उपाय म्हणजे निरनिराळे आवाज जमवणे. ‘मोझिला’ने २०१७ साली सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात कोणीही आपल्या आवाजात छोटी छोटी वाक्ये वाचून देऊ शकतो, आणि हा साठा सर्वांना खुला असतो. त्यात मराठीही आहे. एक वाक्य वाचायला पाच-सात सेकंद लागतात.